कसब हातात आहे, कागदाचं काय?

गावात नवं घर बांधलं की वायरिंग कोण करणार, हे विचारावं लागत नाही. वीस-पंचवीस वर्षं हेच काम करणारा एखादा मिस्त्री असतो. खाचा मारण्यापासून बोर्ड भरण्यापर्यंत सगळं तोच करतो. पण मीटरसाठी महावितरणकडे अर्ज करायची वेळ आली की टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर सही चालते ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराची. मग मिस्त्री तालुक्याला जातो, लायसन्सवाल्याला ठरलेले पैसे देतो आणि सही घेऊन येतो. सही करणाऱ्याने ते घर पुष्कळदा पाहिलेलंही नसतं. काम एकाचं आणि सही दुसऱ्याची. उद्या काही जळलं तर जाब कोणाला विचारायचा, हे घरमालकालाही ठाऊक नसतं.

हातकामाच्या धंद्यात कागद मोठा की अनुभव, हा वाद दहावीचा निकाल लागला की घराघरात होतो. मामा म्हणतो, आयटीआयची दोन वर्षं कशाला घालवतोस, माझ्या हाताखाली ये, सहा महिन्यांत कमवायला लागशील. वडील म्हणतात, सर्टिफिकेट असलेलं बरं. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. माझं मत असं की कागदाशिवायचं कसब आपल्या ओळखीच्या चार गावांपलीकडे जात नाही आणि कामाशिवायचा कागद पहिल्याच आठवड्यात साइटवर उघडा पडतो. दोन्ही मिळवायचे आहेत. कोणी कोणत्या टोकाकडून सुरुवात करायची, तेवढं ठरवायचं. हा लेख त्यासाठीच आहे. सगळेच व्यवसाय एका लेखात मावणार नाहीत, म्हणून मुख्य उदाहरण विजेच्या कामाचं घेतलं आहे.

विजेच्या कामाला कागद लागतो तो कायद्याने. ग्राहकाच्या जागेतलं विद्युत काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या, म्हणजे वायरमनच्या, हातून व्हावं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम सांगतात. 1956च्या जुन्या भारतीय विद्युत नियमांतही हेच होतं. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना सूट आहे. नवी लाइन ओढणं, लोड वाढवणं, बोर्ड हलवणं यांना ती नाही. गावोगावी हा नियम रोज मोडला जातो आणि तो मोडणारी बहुतेक माणसं आपल्या कामात वाईट नसतात. त्यांच्याकडे परवाना नसतो, इतकंच.

मग परवाना नसला तर बिघडतं काय? जिन्यातल्या दिव्याचं उदाहरण घ्या. दुमजली घरात जिन्याचा दिवा खालून आणि वरून अशा दोन्हीकडून लागावा म्हणून टू-वे स्विच बसवतात. वायर वाचावी म्हणून मिस्त्री फेज खालच्या मजल्यावरून घेतो आणि न्यूट्रल वरच्या मजल्याच्या जवळच्या बॉक्समधून उचलतो. दिवा छान लागतो. साध्या फ्यूजवर किंवा एमसीबीवर वीस वर्षं काही बिघडत नाही. पुढे घरमालक शहाणपणाने दोन मजल्यांना दोन आरसीसीबी बसवून घेतो. त्या दिवसापासून जिन्यातला दिवा लावला की आरसीसीबी पडते. मिस्त्री येतो, सगळं तपासतो, कुठेच शॉर्ट सापडत नाही. मग म्हणतो, "ही आरसीसीबीच खराब आहे." तो ती काढतो आणि लाइन डायरेक्ट करून देतो. दिवा लागतो, सगळे खूश होतात. पण त्या घरातल्या माणसाला शॉक लागला तर वाचवणारं उपकरण भिंतीवरून गेलेलं असतं.

आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून पाहते. घरातल्या आरसीसीबीला साधारण 30 मिलिअँपिअरचा फरकही चालत नाही. जिन्यातल्या नऊ वॅटच्या एलईडी दिव्यातून जवळपास 40 मिलिअँपिअर जातात. ते खालच्या आरसीसीबीतून निघतात आणि वरच्या आरसीसीबीतून परततात. दोघींनाही वाटतं, करंट कुठेतरी गळतो आहे. त्या पडतात आणि त्यांनी पडायलाच हवं. आयटीआयत नीट शिकलेला मुलगा हे कारण पाच मिनिटांत सांगेल. पण न्यूट्रल नेमका कुठल्या बॉक्समधून उचलला आहे, हे त्याला शोधता येणार नाही. तो भिंती ठोकत बसेल. मिस्त्री मात्र जिन्याच्या वळणाकडे पाहूनच सांगेल की पाइप इथून वर गेला असणार, म्हणजे जोड त्या लॉफ्टखालच्या बॉक्समध्ये आहे. एकाला बिघाडाचं कारण माहीत आहे, दुसऱ्याला जागा. घरमालकाला एकच माणूस परवडतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असलेल्या बऱ्या.

अनुभवाची बाजू घेणारे लोक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव हमखास पुढे करतात. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, तरी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर बनवले. हे सगळं खरं आहे. पण ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये यांत्रिक चित्रकला रीतसर शिकले होते आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तीच शिकवत होते, हे सांगायचं राहून जातं. ड्रॉइंग वाचता येणं आणि काढता येणं हीच कारखान्याची भाषा होती. ती त्यांना वर्गात मिळाली. मुलाला शाळेतून काढून गॅरेजवर पाठवताना त्यांचा दाखला देणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता दहावी झालेल्या किंवा दहावीत अडकलेल्या मुलामुलींसाठी. तुमच्यापुढे वेळ आहे, तेव्हा कागदाकडून सुरुवात करा. महाराष्ट्रातल्या आयटीआयचे प्रवेश निकालानंतर ऑनलाइन होतात आणि व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय ते चालवतं. वीजतंत्री हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे आणि त्याला दहावी लागते. तारतंत्री, संधाता म्हणजे वेल्डर, नळ कारागीर अशा काही व्यवसायांना दहावी नापासालाही प्रवेश मिळतो. नापास झालो म्हणजे दार बंद झालं असं समजून घरी बसलेली मुलं दर वर्षी दिसतात. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

खाजगी संस्थेत प्रवेश घेत असाल तर फी विचारण्याआधी एक गोष्ट विचारा: तुम्ही घेत असलेल्या व्यवसायाला आणि त्या तुकडीला राष्ट्रीय परिषदेची, म्हणजे एनसीव्हीटीची, संलग्नता आहे का? संस्थेच्या पाटीवर एनसीव्हीटी लिहिलेलं असणं पुरेसं नाही. संस्थेतल्या एका व्यवसायाला मान्यता असते आणि दुसऱ्याला नसते, असं घडतं. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात. तिथे तीन महिन्यांच्या खाजगी कोर्सचं रंगीत सर्टिफिकेट चालत नाही. ते कोर्स शिकायला वाईट नसतात, पण नोकरीच्या दारात त्यांचा उपयोग नाही, हे फी भरण्याआधी माहीत असावं.

आयटीआयची दोन वर्षं नुसती हजेरी लावून काढली तर मामाचं म्हणणं खरं ठरतं. काही ठिकाणी यंत्रं कमी असतात, वायरचा तुकडा वीस जणांत फिरतो. म्हणून मागा. शिल्पनिदेशकांच्या मागे लागून मेगर स्वतः चालवून बघा, मोटार स्वतः उघडा, अर्थिंगचा रोध स्वतः मोजा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली जा, मजुरी कमी मिळाली तरी जा. शिडीवर उभं राहून हात डोक्याच्या वर धरून तासभर ड्रिल चालवणं, स्लॅब पडण्याआधी पाइप कुठे बांधायचा हे ठरवणं, चिडलेल्या घरमालकाशी बोलणं, यातलं काहीही वर्कशॉपमध्ये शिकायला मिळत नाही.

त्यानंतरची पायरी शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिपची. ही पायरी बरीच मुलं गाळतात, कारण विद्यावेतन कमी असतं आणि बाहेर हेल्परलाही त्याहून जास्त मिळतं. माझ्या मते आयटीआय झालेल्या मुलाने करण्यासारखी ही सगळ्यात मोठी चूक आहे. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे जागा आहेत. एसटी, महावितरण, रेल्वेचे कारखाने, माझगाव डॉक, एमआयडीसीतल्या कंपन्या असे सगळेच शिकाऊ उमेदवार घेतात. या काळात कागद आणि अनुभव एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी मिळतात, आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हाती येतं. रेल्वेच्या लेव्हल-1 भरतीत अशी उमेदवारी रेल्वेत पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात. पुढे शिकायचं असेल तर दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश घेता येतो. हेल्परचे जास्तीचे चार पैसे या सगळ्यापुढे मोठे नाहीत. अर्थात घरात कमावणारं दुसरं कोणी नसेल, तर मुलाला दोष देता येत नाही. अशा मुलाने काम धरावं, पण पुढे सांगितलेली वाट सोडू नये.

ती वाट आहे अनुभव कागदावर आणण्याची. पस्तिशी-चाळिशीतल्या मिस्त्रींना, फिटरना, वेल्डरना मी विशेष आग्रहाने हे सांगतो, कारण या वयात आता कसलं सर्टिफिकेट, असं म्हणून ते स्वतःच विषय संपवतात.

पहिलं काम म्हणजे अनुभवाचा पुरावा जमवायला आजच सुरुवात करायची. ज्या ठेकेदाराकडे काम केलं, त्याच्याकडून लेटरहेडवर दाखला घ्या. 'यांनी आमच्याकडे चांगलं काम केलं' एवढं पुरत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक प्रकारचं काम, ठेकेदाराचा परवाना क्रमांक, सही, शिक्का, हे सगळं त्यात हवं. पीएफ कापला जात असेल तर ते उत्तम, त्याची नोंद कोणी नाकारत नाही. बांधकामाच्या साइटवर वायरिंग किंवा प्लंबिंग करणाऱ्यांना बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्या नोंदणीचे इतर लाभ आहेतच, शिवाय तुमच्या कामाची सरकारदरबारी तारखेसह नोंद होते. केलेल्या कामांचे फोटो, बिलं, कोटेशनच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा. माणसं मरतात, ठेकेदार धंदा बंद करतात आणि पंधरा वर्षांच्या कामाचा एकही कागद उरत नाही. हे सर्रास घडतं.

दुसरं काम परीक्षेचं. विजेच्या कामात तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार अशा तीन पायऱ्या आहेत आणि राज्याचं अनुज्ञापक मंडळ त्यांचं काम पाहतं. आपलं शिक्षण आणि अनुभव धरून कोणती परीक्षा देता येईल, हे जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात समक्ष जाऊन विचारा. एजंटाला विचारू नका. कारखान्यात कामाला असाल तर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसण्याची सोयही आहे. त्यात पास झालात तर मिळणारं प्रमाणपत्र आयटीआयवाल्यांच्या बरोबरीचं असतं. लेखी परीक्षेची भीती वाटते हे मी समजू शकतो. पण ज्याने हजार बोर्ड भरले, त्याला ओहमचा नियम समजायला महिना पुरे. फक्त कोणीतरी कागदावर नीट मांडून दाखवायला हवं. जवळच्या आयटीआयतले निदेशक संध्याकाळी तासभर द्यायला बहुतेक वेळा तयार असतात, त्यांना विचारा.

तिसरा मार्ग आरपीएलचा, म्हणजे आधीच्या शिक्षणाची दखल. आधीपासून काम येत असलेल्याला थोडं मार्गदर्शन करून, त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायचं, अशी ही पद्धत आहे. कौशल्य विकास योजनेतून ते देशभर वाटलं गेलं. ते घ्या, पण त्याचा आवाका ओळखून घ्या. बँकेत, कंपनीच्या गेटवर, ठेकेदाराच्या टेंडरमध्ये ते कामाला येतं. आयटीआयच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राची जागा ते घेत नाही आणि वायरमनचा परवाना त्यातून मिळत नाही. मिळतो असं कोणी सांगितलं तर त्याच्यापासून दूर राहा.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दलही असाच गोंधळ आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, कुंभार, चांभार, मूर्तिकार वगैरे त्यात येतात. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार रुपयांचं व्हाउचर आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज, असा लाभ आहे. वडिलोपार्जित धंदा करणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. वायरमन, प्लंबर, वेल्डर मात्र या यादीत नाहीत. त्यांच्याकडून फॉर्मचे पैसे घेणारे त्यांना फसवतात.

दहावी राहिली असेल तर तीही काढून टाका. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे खेड्यात सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा परदेशाशी काय संबंध, हे फार थोड्यांना माहीत असतं. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआर शिक्का बसतो आणि आखातातल्या देशांसह 18 देशांत नोकरीला जायचं तर त्याला सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. दहावीच्या एका मार्कलिस्टने हा खटाटोप वाचतो. सौदी अरेबियाने वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी जाण्याआधीच कौशल्य पडताळणीची परीक्षा ठेवली आहे, म्हणजे तिथेही आता नुसत्या ओळखीवर काम होत नाही. जर्मनीने मार्च 2024पासून अनुभवी कामगारांसाठी जी वाट उघडली आहे, तिच्यात मायदेशात मान्यता असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण आणि त्याशिवाय दोन वर्षांचा अनुभव, असं दोन्ही मागतात. पगाराची अट वेगळी आहे. महाराष्ट्र सरकारने 2024मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा ही चौकशी खूप वाढली. दोन वर्षांचा आयटीआय अर्धवट सोडलेल्यांना तेव्हा त्याची किंमत कळली.

वेल्डिंगमध्ये तर कागद आणि हात यांची गाठ फार चोख घातलेली आहे. प्रेशर पाइपचं काम करायचं तर 45 अंशांत तिरपा, न हलणारा पाइप सगळीकडून वेल्ड करून दाखवावा लागतो. धंद्यातली माणसं त्याला सिक्स-जी म्हणतात. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात किंवा त्याच्या पट्ट्या कापून वाकवून पाहतात. भेग दिसली की नापास. तिथे कोणी दहावीचे मार्क विचारत नाही. आणि पास झालेल्यानेही अमेरिकेच्या एएसएमई संहितेप्रमाणे त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर त्याची पात्रता संपते, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. इतर व्यवसायांतही परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी फी घेण्याआधी माणसाला अर्धा तास काम करायला लावलं, तर विकत घेतलेल्या सह्या बऱ्याच कमी होतील, असं मला मनापासून वाटतं.

घर बांधणाऱ्यांनीही यात आपला वाटा उचलायला हवा. काम देताना मिस्त्रीला परवाना विचारा. तो नसेल तर ज्याच्या परवान्यावर काम होणार आहे, त्या ठेकेदाराने निदान दोनदा, म्हणजे भिंतीवर प्लास्टर चढण्याआधी एकदा आणि मीटर बसण्याआधी एकदा, प्रत्यक्ष साइटवर यावं, अशी अट घाला. त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तर द्या.

शेवटी ठेकेदार आणि मोठे मिस्त्री यांना एक विनंती. तुमच्या हाताखालची मुलं दाखला मागत नाहीत, कारण ती तुम्हाला दादा, मामा, उस्ताद म्हणतात आणि मागायला संकोचतात. काहींना तर दाखला मागितला म्हणजे आपण काम सोडून जातोय असा तुमचा समज होईल, अशी भीती वाटते. तेव्हा त्यांनी मागायची वाट बघू नका. येत्या महिन्यात लेटरहेड काढा आणि प्रत्येकाच्या नावाने तारखेसह, कामाच्या तपशिलासह, शिक्का मारून एकेक पान लिहून द्या.